कासवाच्या डब्यातला गहू

धाकटीला सिलिअ‍ॅक आजार असल्याचे कळले, त्या दिवशी आमच्या घरातून गहू गेला. चपातीऐवजी ज्वारी-तांदळाची भाकरी आली, हलीम बंद झाले, ईदच्या शीरखुर्म्यात तांदळाच्या शेवया पडू लागल्या. वर्ष उलटले, तरी तिची पोटदुखी थांबेना आणि रक्ततपासणीतला आकडा उतरेना.

"जेवण सोडून गव्हाला तिचा हात कुठे लागतो?" डॉक्टरांनी विचारले. कुठेच नाही, असे आम्ही ठामपणे सांगितले. घरी आल्यावर दादी म्हणाल्या, "आणि कासवाचे दाणे?"

कासवाला खायला घालणे हे धाकटीचेच काम. डबा उलटून पाहिला. माशांच्या भुकटीखालोखाल गव्हाचे पीठ, पुढे गव्हाचे ग्लुटेन. दाणा पाण्यात लगेच विरघळू नये म्हणून तो चिकटपणा लागतो. धाकटी दाणे बोटांनी चुरायची आणि त्याच हाताने खजूर खायची.

ग्लुटेन कातडीतून अंगात जात नाही. ते बोटांवरून किंवा उडालेल्या भुकटीतून तोंडात जाते. आपल्याकडे ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. म्हणजे चिमूटभर भुकटीही लहान गोष्ट नव्हे.

"कासव देऊन टाकणार का?" धाकटीने रडवेल्या आवाजात विचारले. तशी गरज पडली नाही. आता दाणे थोरला घालतो, चमच्याने, न चुरता. डबा स्वयंपाकघराबाहेर असतो. टाकी मोरीत धुतो, भांड्यांच्या सिंकमध्ये कधीच नाही. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतूही असू शकतात. टाकीला हात लागला की साबण-पाण्याने धुवायचे. सॅनिटायझरने ग्लुटेन निघत नाही.

गेकोसारखे प्राणी पाळणाऱ्यांनीही जपावे. त्यांना घालायच्या अळ्या बहुधा गव्हाच्या कोंड्यात वाढवतात. डब्यावर गहू, जव, राय, माल्ट किंवा नुसते ‘तृणधान्ये’ असे लिहिले असेल, तर सिलिअ‍ॅकच्या रुग्णाने हात लावू नये. मात्र प्राण्याचा आहार परस्पर बदलू नका, आधी पशुवैद्यांना विचारा.

सहा महिन्यांनी धाकटीचा आकडा उतरला, अल्हम्दुलिल्लाह. जिलेटिन कशाचे आहे हे पाहायला बिस्किट-चॉकलेटचा प्रत्येक पुडा उलटून वाचणारे आम्ही. कासवाचा डबा मात्र कधी वाचलाच नव्हता.