नीटची पीडीएफ डाउनलोड केली? आधी पानाच्या तळाची ओळ बघा

आमच्या जिंतूरहून नीटच्या क्लाससाठी कुणी लातूर गाठतं, कुणी नांदेड. ज्यांना ते जमत नाही ते इथेच राहून मोबाईलवर अभ्यास करतात. त्यांचा फोन उघडला की टेलिग्रामवरून आलेल्या पीडीएफचा नुसता ढीग! "दादा, यातलं कुठलं मटेरियल चांगलं?" असं मला विचारतात. माझा उलटा प्रश्न असतो: हे कोणत्या वर्षाचं आहे?

वर्षाने काय बिघडतं? 2024 च्या नीटमध्ये फिजिक्सला अणूवर एक प्रश्न आला. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात असं छापलं होतं, नव्या आवृत्तीत ते 'बहुतेक मूलद्रव्यांचे' झालं. जुनं वाचलेल्यांनी दुसरा पर्याय निवडला, नवं वाचलेल्यांनी चौथा. एनटीएने आधी दोन्हींना मार्क दिले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचं मत घेतलं गेलं आणि जुलैमध्ये ठरलं की बरोबर उत्तर फक्त चौथं. दुसरा पर्याय निवडणारे चार लाखांहून जास्त होते. त्यांचे मिळालेले 4 गेले, वर निगेटिव्हचा 1. 720 पैकी 720 वाले 61 होते, सुधारित निकालात 17 उरले.

एका वाक्याचा हा फरक! म्हणून पुस्तक एनसीईआरटीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. तिथे ते फुकट आहे, एकेक धडा वेगळा उतरवता येतो, म्हणजे रोजच्या डेटामध्ये आरामात बसतं. पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात 'रिप्रिंट' आणि पुढे शैक्षणिक वर्ष लिहिलेलं असतं. टेलिग्रामवरच्या फाईलमध्ये ती ओळ जुन्या वर्षाची असेल किंवा कापलेली असेल, तर फाईल सरळ डिलीट करा. फाईलच्या नावात 'लेटेस्ट' लिहिलंय म्हणून फसू नका, नाव कुणीही बदलू शकतं.

नोट्स तपासायची एक सोपी युक्ती सांगतो. 2024 पासून अभ्यासक्रम कमी झाला. केमिस्ट्रीतला सॉलिड स्टेट गेला, बायोलॉजीतलं पचन आणि शोषण गेलं. हे धडे अजूनही 'महत्त्वाचे' म्हणून मिरवत असतील तर त्या नोट्स जुन्या समजा. तरी दरवर्षीचा अभ्यासक्रम एनएमसीच्या साइटवर स्वतः बघाच.

मॉक टेस्टचं ॲपही असंच. 2021 ते 2024 मध्ये 200 प्रश्न छापलेले असायचे, त्यातले 180 सोडवायचे. 2025 च्या पेपरमध्ये पर्याय बंद झाले: 180 प्रश्न, 180 मिनिटं, बायोलॉजीचे 90. टेस्टमध्ये अजूनही 'सेक्शन बी'तले कोणतेही 10 सोडवा असं येत असेल, तर त्या ॲपचे पैसे भरण्याआधी थांबा. आयआयटी कानपूर आणि केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं 'साथी' पोर्टल तसं फुकटच आहे, आधी ते वापरून बघा.

मराठीतून पेपर देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: भाषांतरात गोंधळ झाला तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरतात. त्यामुळे मराठी नोट्स घेताना शेजारी इंग्रजी संज्ञा दिलेल्या आहेत का, हे बघून घ्या. नुसतं 'पेशीभित्तिका' पाठ करून भागत नाही, 'सेल वॉल'ही तोंडात बसलं पाहिजे.