मोठ्या लघुचित्राची भीती का वाटते आणि ती कशी घालवायची?

लघुचित्रं शिकणारे अनेक जण बराच काळ एखादं फूल, एखादा पक्षी किंवा एकच चेहरा काढत राहतात. चाळीस माणसांचा दरबार किंवा शिकारीचा देखावा मनात असतो, पण कागदावर येत नाही. महिनाभराचं काम एका चुकीच्या रेषेने वाया जाईल, ही त्यामागची भीती. लघुचित्रांच्या परंपरेत या भीतीचं उत्तर आहे.

अकबराच्या चित्रशाळेत काय व्हायचं?

१५६२ च्या सुमारास अकबराने ‘हमझानामा’ची चित्रं काढायला सांगितली. सुमारे १४०० चित्रं, तीही कापडावर आणि जवळपास दोन फूट उंचीची. काम साधारण १५ वर्षं चाललं. आधी मीर सय्यद अली आणि नंतर अब्दुस समद यांनी त्यावर देखरेख केली.

इतकं काम झालं ते वाटून घेतल्यामुळे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या ‘अकबरनामा’च्या पानांवर तशा नोंदी आहेत. रेखाटन एकाचं, रंग दुसऱ्याचे, तर काही चित्रांत चेहरे तिसऱ्याच चित्रकाराचे. अख्ख्या चित्राचं ओझं एकाच हातावर नसायचं.

चूक कुठे दुरुस्त होते?

पारंपरिक पद्धतीत चुकीला बरीच जागा ठेवलेली असते.

• वसली: कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून, अकीक दगडाने घोटून हा जाड कागद तयार होतो. तो चांगला झाला की पुढची दुरुस्ती सोसतो.

• पहिलं रेखाटन: ते गेरूने किंवा कोळशाने हलकं केलं जातं. त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात दिला की जुन्या रेषा पुसट दिसत राहतात आणि त्यांच्यावरच सुधारलेली रेष काढता येते.

• चरबा: पारदर्शक कातड्यावर आकृती उतरवून रेषांवर बारीक भोकं पाडत आणि त्यातून कोळशाची पूड झिरपवत. जमलेला घोडा किंवा चेहरा असा पुन्हा वापरता येई. आज हेच काम ट्रेसिंग पेपर करतो.

• रंग: डिंकात कालवलेला अपारदर्शक रंग पातळ थरांनी चढवतात. थर चुकला तर ओल्या कुंचल्याने उचलता येतो किंवा वाळल्यावर झाकता येतो. मात्र वरचा हात फार ओला असेल तर खालचा रंग विरघळून गढूळ होतो आणि जाड थराचे पोपडे निघतात.

खरी जोखीम उरते ती शेवटी, चेहरे, डोळे आणि बारीक काळ्या रेषांत. म्हणजे भीती संपूर्ण चित्राची वाटते, पण जपावं लागतं ते शेवटच्या टप्प्याला.

एकट्याने काम करताना काय करावं?

चित्रशाळेतली माणसं नसली तरी कामाची वाटणी करता येते. एक दिवस फक्त रचनेचा. माणसं वेगवेगळ्या कागदांवर काढून, कापून, हलवून पाहावीत. मग एक आठवडा फक्त सपाट रंगांचा, त्यात चेहऱ्यांना हात लावायचा नाही. चेहऱ्यांसाठी वसलीच्या तुकड्यावर आधी दहा-बारा वेळा सराव करावा आणि मूळ चित्रात मागच्या रांगेतल्या माणसांपासून सुरुवात करावी. मुख्य व्यक्तीकडे येईपर्यंत हात बसलेला असतो.

रंगांची नोंद ठेवणंही उपयोगी. पहाडी चित्रकार रेखाटनातच कुठे कोणता रंग द्यायचा, ते लिहून ठेवत. त्यामुळे काम महिनाभर थांबलं तरी धागा तुटत नाही.

अर्धवट राहिलेल्या चित्राचंही ओझं बाळगायला नको. गुलेरचा नैनसुख हा अठराव्या शतकातला मोठा चित्रकार. त्याचीही अपूर्ण रेखाटनं आज संग्रहालयांत जपून ठेवली आहेत आणि त्याच्या कामाची पद्धत अभ्यासकांना त्यांतून कळते. शिकणाऱ्यासाठी अशी चित्रं पूर्ण चित्रांइतकीच मोलाची, कारण थर आणि दुरुस्त्या तिथे उघड दिसतात.