परसबागेसाठी घरचे कंपोस्ट

खेड्यातील घरामागे उकिरडा असतो, तर शहरातील घराच्या दाराशी कचऱ्याची बादली. दोहोंत पडणारा माल बहुतांशी एकच : भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, निर्माल्य. उकिरड्याचेही खत होते, हे खरे. परंतु उघड्यावर उन्हात तापल्याने व पावसात धुपल्याने त्यातील नत्राचा मोठा अंश वाया जातो. बादलीतील मालाची तर मातीशी गाठच पडत नाही.

या प्रश्नाचा शास्त्रीय विचार आपल्या शेजारी, इंदूर येथे झाला. तेथील वनस्पती उद्योग संस्थेत सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा व शेण यांपासून खत करण्याची पद्धत बसविली. तिची माहिती देणारा १९३१ मधील ग्रंथ त्यांनी यशवंत वाड यांच्यासह लिहिला. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात पुष्कळ खत देणारी पद्धत रूढ केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. तिच्या विटांच्या टाक्याच्या भिंतींत हवेसाठी छिद्रे ठेवलेली असतात. घरगुती कंपोस्टचे मर्मही या छिद्रांतच आहे.

कचरा कुजविणारे सूक्ष्म जीव हवा, ओल व अन्न यांवर जगतात. हवा कोंडली, की दुसऱ्या जातीचे जीव माजतात व दुर्गंधी सुटते. 'कंपोस्टला घाण येते' ही तक्रार बहुधा ओला कचरा नुसताच साठविणाऱ्यांची असते. ओल्या कचऱ्याच्या एका भागास वाळलेल्या पाल्याचे दोन ते तीन भाग घातल्यास ती उरत नाही. पानगळीच्या दिवसांत पाला जाळण्याऐवजी पोत्यांत भरून ठेवावा, तो वर्षभर उपयोगी पडतो.

सुमारे ३ फूट लांब, रुंद व उंच असा विटांचा हौद, सांधे मोकळे ठेवून, एका कुटुंबास पुरतो. तळाशी तुराट्या, पऱ्हाट्या किंवा नारळाच्या सोडणांचा थर द्यावा. त्यावर पाला, ओला कचरा, शेणकाला व मूठ-दोन मूठ चाळलेली माती असे थर रचीत जावे. मूठभर माल पिळला असता हाताला ओल लागावी, पण पाणी निथळू नये, इतकाच ओलावा हवा. ढीग पुरेसा मोठा असल्यास आतील उष्णता ५५ ते ६० अंश सेल्सियसपर्यंत चढते व तणांचे बी मरते. हरळीची मुळे व लव्हाळ्याच्या गाठी मात्र चिवट; त्या ढिगात घालूच नयेत. मासे, मांस, तेलकट अन्न व हारांतील दोरेही दूर ठेवावेत. दर पंधरवड्यास ढीग वरखाली करावा.

कोकणात हौदावर छप्पर हवेच. मुसळधार पावसात कंपोस्टचा रबडा होतो. तेथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. माडाचा शत्रू असलेला गेंडा भुंगा खताच्या खड्ड्यातच अंडी घालतो. ढीग हलविताना सापडणाऱ्या पांढऱ्या, जाडजूड अळ्या वेचून नष्ट न केल्यास खताबरोबर माडाचा नाशही घरीच तयार होतो. विदर्भ-मराठवाड्यात अडचण उलटी : उन्हाळ्यात ढीग वाळून कुजणे थांबते. तेथे सावलीतील जागा निवडून वर गोणपाट ओले ठेवावे.

तीन-चार महिन्यांत माल गडद तपकिरी व भुसभुशीत होतो आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. देठ-साली ओळखू येत असतील, तर खत कच्चे समजावे. असे खत रोपांना दिल्यास ते कुजविणारे जीव मातीतील नत्र स्वतःच ओढून घेतात व रोपे पिवळी पडतात.

कंपोस्टमध्ये नत्र साधारणतः एक टक्का असते, तर युरियात ४६ टक्के; तेव्हा या मोजपट्टीने त्याची किंमत करणे योग्य नव्हे. चिकण काळी माती त्याने मोकळी होते आणि जांभ्याच्या मातीत पाणी टिकू लागते. हे काम युरियाच्या गोणीकडून होत नाही. वाफ्यास दर चौरस मीटरला दोन ते तीन किलो खत वरच्या थरात मिसळावे. कुंडीत मातीच्या एक तृतीयांश घालावे. चाळणीवर उरलेला जाडाभरडा माल टाकू नये. नव्या ढिगास तो विरजणासारखा उपयोगी पडतो.