फ्रेझरच्या दरींत मालगाड्यांचें दर्शन

मालगाड्या पाहण्यासाठीं सुटीचा दिवस खर्च करावा, हें पुष्कळांस विचित्र वाटेल. फाटकापाशीं उभें राहून डबे मोजण्याचा आनंद बालपणाबरोबरच संपतो, असा आपला समज असतो. परंतु कॅनडाच्या पश्चिम टोकास, ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत, फ्रेझर नदीनें डोंगर कापून केलेल्या दरींत जो एक दिवस घालवील, त्याचा हा समज टिकणार नाहीं.

येथें नदीच्या दोन्ही तीरांवर दोन निरनिराळे लोहमार्ग आहेत. कॅनेडियन पॅसिफिकनें आधीं येऊन सोयीचा तीर धरला. मागाहून आलेल्या व १९१५ सालीं पुऱ्या झालेल्या दुसऱ्या मार्गास समोरच्या कड्यांत वाट कोरावी लागली. हा दुसरा मार्ग आज कॅनेडियन नॅशनलचा आहे. लिटन गांवाच्या दक्षिणेस सिस्को येथें दोन्ही मार्ग नदी ओलांडून परस्परांचे तीर बदलतात. त्यामुळें दोन पूल शेजारीं शेजारीं उभे असून हमरस्त्याच्या कडेवरून ते एकाच छायाचित्रांत सामावतात.

कॅमेरा कोणत्या पुलाकडे रोखावा? उभय कंपन्यांच्या करारानुसार बंदराकडे, म्हणजे पश्चिमेस, जाणाऱ्या गाड्या सामान्यतः नॅशनलच्या मार्गानें जातात व पूर्वेकडील पॅसिफिकच्या मार्गानें परततात. कोळसा, धान्य, पोटॅश यांनीं भरलेली गाडी हवी असेल, तर नॅशनलच्या कमानदार पुलावर दृष्टि ठेवावी. कित्येक गाड्या दोन-तीन किलोमीटर लांब असतात. एवढा भार एकट्या पुढच्या इंजिनांनीं ओढल्यास डब्यांमधील जोड तुटण्याचें भय असतें. म्हणून कांहीं इंजिनें मध्यें वा शेवटीं जोडून पुढील चालक तीं बिनतारी संदेशानें चालवितो. मात्र रुळांवर पाऊल टाकूं नये, रस्त्यावरूनच पाहावें.

हें दृश्य जितकें भव्य, तितकेंच तें महाग पडलेलें आहे. पहिल्या मार्गाच्या या प्रांतांतील कामावर सुमारें १५,००० चिनी मजूर राबले. त्यांस गोऱ्यांहून कमी मजुरी मिळे, आणि निदान ६०० जण सुरुंग, दरडी व रोग यांस बळी पडले. मार्ग पुरा झाला त्याच वर्षीं, १८८५ सालीं, येणाऱ्या चिनी लोकांवर ५० डॉलरांची डोईपट्टी बसली. १९०३ सालीं ती ५०० झाली. सरकारनें क्षमा मागितली ती २००६ सालीं. दुसऱ्या मार्गाच्या बांधकामामुळें १९१४ सालीं हेल्स गेट येथें दरड कोसळून नदी आकुंचित झाली. सामन मासे वर चढूं शकेनात व तीरावरील मूळ रहिवाशांचें अन्न तुटलें. माशांसाठीं वाटा बांधावयास तीस वर्षें लागलीं.

निसर्गही आपला हक्क सोडीत नाहीं. नोव्हेंबर २०२१ च्या अतिवृष्टीनें दोन्ही मार्ग एकाच वेळीं तोडले व व्हँकुव्हर बंदराची लोहमार्गाची वाट बंद पडली.

तेव्हां घरीं येऊन छायाचित्र चिकटवहींत लावतांना त्याखालीं पुलाचें नांव अवश्य लिहावें. आणि मुलांनीं विचारल्यास तो मार्ग कोणी खोदला, हेंही सांगावें.