उजळ रंगाचा हट्ट आणि स्त्रीचे आरोग्य

तुळशीचे लग्न लागले की पनवेलच्या आसपासच्या गावांत मुली पाहण्याचे कार्यक्रम सुरू होतात. त्याच सुमारास दवाखान्यात एक ठराविक तक्रार घेऊन येणाऱ्या मुलींची संख्या वाढते. मागे एकदा अशीच एक आई आपल्या बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचा चेहरा लाल झाला होता, गालांवर बारीक पुटकुळ्या होत्या आणि वरच्या ओठावर लव वाढली होती. उन्हात गेले की तोंडाची आग आग होते, असे ती सांगत होती.

"डॉक्टर, पंधरा दिवसांनी पाहुणे यायचेत. तेवढ्यात तोंड नीट करून द्या," आई म्हणाली.

चेहऱ्याला काय लावतेस, असे विचारल्यावर मुलीने पर्समधून एक ट्यूब काढली. मैत्रिणीने सांगितले म्हणून ती आठ महिने ती रोज रात्री लावत होती. ट्यूबवर बारीक अक्षरांत स्टिरॉइडचे नाव होते. इसब किंवा तशाच त्वचारोगांवर, तेही थोडे दिवस वापरायचे हे औषध आहे. ते चेहऱ्याला लावा, असे तिला कोणत्याही डॉक्टरने सांगितले नव्हते.

वाचकहो, ही फसगत कशी होते ते समजून घेतले पाहिजे. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल अशी स्टिरॉइड असलेली मलमे चेहऱ्याला लावली की कातडीतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रंगद्रव्य तयार होणेही मंदावते. पहिले काही आठवडे चेहरा खरोखरच उजळ दिसतो. शेजारणी विचारतात, "काय लावतेस गं?" आणि ट्यूबचे नाव एका घरातून दुसऱ्या घरात जाते. पुढे कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसू लागतात, मुरुमे येतात, लव वाढते. घाबरून मलम बंद केले की चेहरा आणखी लाल होतो, म्हणून पुन्हा लावले जाते. दारूचे जसे व्यसन, तसे कातडीला मलमाचे व्यसन लागते. केंद्र सरकारने २०१८ साली अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती हातोहात मिळतात, हा आमचा रोजचा अनुभव आहे.

त्या मुलीला बरे व्हायला पंधरा दिवस नव्हे, काही महिने लागणार होते. तसे सांगितल्यावर आईच्या डोळ्यांत पाणी आले. मग खरी गोष्ट बाहेर आली. मुलगी बी.कॉम. झालेली, नोकरी करणारी. आधीच्या एका स्थळाने मध्यस्थाकरवी निरोप पाठवला होता, "मुलगी चांगली आहे, पण रंगाने कमी आहे." त्या दिवसापासून मुलीने आरशासमोर बसणे आणि चारचौघांत जाणे दोन्ही कमी केले होते. चुलतबहिणीच्या हळदीलाही ती गेली नव्हती. मलम सुरू झाले ते त्यानंतर. आता सांगा, हा आजार कातडीचा म्हणायचा की कोणाच्या तरी जिभेचा?

"रंगाने कमी" हा शब्दप्रयोग आपण किती सहज करतो! वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने सावळ्या कातडीत कमी असे काहीच नसते. असलेच तर जास्त असते. कातडीला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य ज्या पेशींत तयार होते, त्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. सावळ्या माणसांत त्या मेलॅनिन अधिक तयार करतात, एवढाच फरक. हे मेलॅनिन उन्हातील अतिनील किरण अडवते. गोऱ्या युरोपीय लोकांत त्वचेचा कर्करोग जितका आढळतो, त्या मानाने आपल्याकडे तो फारच कमी आढळतो, याचे मोठे श्रेय या रंगालाच आहे. भाताच्या खाचरात नाही तर मिठागरात दिवसभर उन्हात राबलेल्या आपल्या आजी-पणजीचे हे नैसर्गिक छत्र होते.

आपला जन्मजात रंग कोणता, हे पाहायचे असेल तर दंडाची आतली बाजू पाहावी. उन्हाने रापलेला चेहरा जपणुकीने तेवढ्यापर्यंत येऊ शकतो. त्यापलीकडे कायमचा गोरा रंग देणारे क्रीम अजून निघालेले नाही.

स्टिरॉइडपेक्षाही घातक वस्तू म्हणजे पारा. तो रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून गोरेपणाच्या काही क्रीममध्ये चोरून घातला जातो. तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एका कुटुंबाची हकिकत वर्तमानपत्रांतून आली होती. घरातील मुलीने स्थानिक ब्युटीशियनकडून क्रीम आणले. आई आणि बहीणही ते लावू लागल्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी कारण शोधले, तेव्हा क्रीममध्ये मर्यादेच्या कितीतरी पट पारा निघाला. कायद्याने सौंदर्यप्रसाधनात अनवधानाने राहून गेलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. (डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी मर्यादा वेगळी आहे.) केरळातील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत विकाराचा एक खास प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. तेव्हा क्रीम लावणाऱ्या बाईच्या पायांवर, डोळ्यांखाली सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर ताबडतोब लघवी तपासून घ्यावी. क्रीम वेळेवर बंद केले तर अशा रुग्णांपैकी बरेच जण सुधारतात.

रंगाचा हा हट्ट लग्नानंतरही पाठ सोडत नाही. सुनेला दिवस गेले की केशरदूध सुरू होते. त्याने बाळ गोरे होत नाही, पण दूध पोटात गेले म्हणून निदान नुकसान तरी नाही. नुकसान होते ते दुसऱ्या समजुतीने. लोहाच्या गोळ्या घेतल्या की बाळ काळे होते, असे सांगणाऱ्या बायका आजही भेटतात. गोळीने शौचाला काळे होते, त्यावरून ही समजूत पसरली असावी. बाळाचा रंग आई-बापांच्या रक्तातून ठरतो, गोळीवरून नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. अशा बाईने गोळ्या उशीखाली लपवल्या आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर तिचा जीव धोक्यात येतो.

आणि यातली सर्वांत उलटी गोष्ट ऐका. रक्त कमी झालेली मुलगी फिकट दिसते आणि घरचे म्हणतात, "हल्ली चांगली उजळली आहे!" असे कौतुक ऐकून आलेल्या एका मुलीचे हिमोग्लोबिन मी तपासले, तर ते सात निघाले. स्त्रीला ते किमान बारा हवे. जिना चढताना तिला धाप लागत होती, हे मात्र कोणी विचारले नव्हते.

दुसरा प्रकार मानेचा. काही मुलींची मान, काखा जाडसर व काळपट होतात. आई रागावते, मुलगी दगडाने घासते. हा मळ नसतो. पुष्कळदा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. पाळी अनियमित असेल, वजन वाढत असेल, घरात मधुमेह असेल, तर अशा मुलीला साबण नको, रक्ततपासणी हवी. रोज चालणे आणि आहारात सुधारणा यांनी मानेचा रंगही हळूहळू निवळतो.

आपल्या समाजाचे मला नवल वाटते. पंढरीचा विठोबा काळा, त्याच्या दर्शनाला आपण पायी जातो. संक्रांतीला काळी चंद्रकळा हौसेने नेसतो. सून मात्र गोरी हवी! गोरेपणाचे देशातील सर्वांत गाजलेले क्रीम १९७५ साली बाजारात आले आणि २०२० साली टीका झाल्यावर कंपनीने त्याच्या नावातील 'फेअर' हा शब्द काढून टाकला. विवाह जुळवणाऱ्या एका मोठ्या संस्थेनेही त्याच वर्षी रंगावरून स्थळे निवडण्याची सोय बंद केली. नावे बदलली, पण घरातील बोलणे बदलायला अजून वेळ आहे. दुसऱ्यांना कशाला नावे ठेवू? पूर्वी बाळाला पाहून "गोरेगोमटे आहे हो" असे मीही म्हणत असे. आता वजन चांगले आहे, असे म्हणतो.

क्रीम वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची नावे नाहीत, ती घेऊ नये. सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका, अशी सूचना असलेले क्रीम पाऱ्याचे असू शकते. ते घरात ठेवूच नये, कारण एकीने लावले तरी लहान मुलांच्याही अंगात पारा जाऊ शकतो. स्टिरॉइडचे मलम बरेच दिवस लावले असेल, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडवावे. उन्हात जाताना छत्री आणि पदर ही जुनी साधने उत्तमच आहेत.

आणखी एक काम घरातील वडीलधाऱ्यांसाठी. लग्नाच्या बायोडेटात उंची आणि रक्तगटाच्या शेजारी 'वर्ण' अशी एक ओळ असते. ती खोडावी आणि त्या जागी मुलाचे व मुलीचे, दोघांचेही, हिमोग्लोबिन आणि थॅलेसेमियाच्या तपासणीचा निष्कर्ष लिहावा. होणाऱ्या नातवंडांच्या दृष्टीने ती माहिती गोऱ्या रंगापेक्षा पुष्कळ उपयोगाची आहे.