मिनिटाला १९ लाख!

घड्याळ समोर ठेवा. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली, ब्रेन स्ट्रोक आला आणि उपचार झालेच नाहीत, तर सरासरी एका मिनिटात किती चेतापेशी मरतात? १९ लाख! म्हणजे सेकंदाला सुमारे ३२ हजार. दर सेकंदाला एक गच्च भरलेलं वानखेडे!

पेशींचे तंतू? मिनिटाला १२ किलोमीटर. मुंबईहून निघालो, तर साडेबारा मिनिटांत पुणे! तासाला ७१४ किलोमीटर, म्हणजे अख्खा समृद्धी महामार्ग संपला आणि वर १३ किलोमीटर. पेशींना जोडणाऱ्या चेतासंधी? मिनिटाला १४०० कोटी. एका संधीचा एक रुपया धरा, तासाभरात ८३ हजार कोटी खाक!

थांबू नका. झटका पुरता व्हायला सरासरी दहा तास. मेलेल्या पेशी १२० कोटी, म्हणजे २०११च्या जनगणनेतला जवळजवळ सगळा भारत. तुटलेले तंतू ७१४० किलोमीटर. थेट मुंबई ते लंडन!

हे रोखायला औषधं? २००६ सालच्या मोजणीत स्ट्रोकवरचे १०२६ प्रायोगिक उपचार निघाले. बहुतेक उपचार नुकसानीची एखादीच वाट अडवणारे. थंडी मात्र अनेक वाटा एकदम मंद करते. दर अंशाला मेंदूची ऊर्जेची भूक ६-७ टक्क्यांनी घटते. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला सहा तासांच्या आत ३३.५ अंशांवर आणतात, ७२ तास तिथंच ठेवतात. उतार फक्त साडेतीन अंशांचा! ११ चाचण्या, १५०५ बाळं. सुमारे दर सात बाळांमागे एकाचा मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व टळलं. भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या ४०८ बाळांच्या चाचणीत मात्र हा लाभ दिसला नाही, उलट मृत्यू वाढले. म्हणूनच थंडीचा गुण औषधात उतरवायची घाई! थंडीत शरीर ‘आरबीएम३’ नावाचं प्रथिन वाढवतं. उंदरांत ते चेतासंधी वाचवतं. अंग गार न करता ते वाढवता आलं तर?

आणि थंडीची ताकद किती? नॉर्वे, १९९९. बर्फाखालच्या पाण्यात ८० मिनिटं अडकलेली ॲना बॉगेनहोम. हृदय बंद. शरीराचं तापमान १३.७ अंश. पुण्यातल्या हिवाळ्यातल्या पहाटेइतकं! डॉक्टर नऊ तास झुंजले. ती वाचली. आणि ज्या रुग्णालयानं तिला वाचवलं, तिथंच पुढे डॉक्टर म्हणून रुजू झाली!