सातदेव्यांची लेक आणि सातबारा

दत्तकाचे प्रकरण या आठवड्यात येणार होते. ते पुढे ढकलावे लागत आहे, कारण कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या एका वाचकाने मागच्या भागावर नेमका प्रश्न विचारला आहे. हिंदू वारसा कायद्याने मुलगी, तिचे लग्न कधीही झालेले असो, वडिलोपार्जित वावरात भावाच्या बरोबरीची हिस्सेदार, हे ठीक. पण गोंडाच्या मुलीचे काय?

त्या कायद्याने काहीच नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याचे कलम २(२) अनुसूचित जमातींना बाहेर ठेवते. बाप गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी भाऊ म्हणतात, "तो कायदा आपल्याले लागू नाही." खरेच आहे ते. गफलत होते ती पुढच्या वाक्यात: म्हणून बहिणीला हिस्सा नाही.

उरते रूढी. गोंडांत सोयरिकीचा पहिला प्रश्न असतो, "किती देवाचे?" चार, पाच, सहा की सात? सारखे देव असलेले सगळे भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. लेक दुसऱ्या देवांच्या घरी जाणार, तिची लेकरे तिकडचीच होणार. मग इकडचे वावर तिकडे कसे जाऊ द्यायचे? हिस्सा नाकारण्याचा सारा युक्तिवाद एवढाच.

पण याच समाजाचा दुसरा रिवाज रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांताच्या जाती-जमातींवरच्या १९१६च्या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. त्याचे नाव 'दूध लौटाना'. आपल्या घरची मुलगी दिली, तर तिची मुलगी सून म्हणून परत यावी, असा मामाचा हक्क. भाचीचे लग्न दुसरीकडे झाले, तर मामा कधी कधी दुधाचे पैसे मागे. ते पाचएक रुपये असत. लेक देऊन नाते तुटते, असे मानणारा समाज असली वसुली करील कशाला? मामाचा भाचीवर हक्क चालतो, भाचीचा मामाच्या वावरावर तेवढा चालत नाही!

सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच वाद आला होता. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबात पाच मुलगे आणि एक मुलगी. मुलीच्या वारसांनी आजोबांच्या मिळकतीत आईचा वाटा मागितला. खालच्या न्यायालयांनी त्यांनाच विचारले, मुलीला वाटा देणारी रूढी दाखवा. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न उलटा केला: मुलीला वगळणारी रूढी कुठे सिद्ध झाली आहे? ती झाली नव्हती. मग राज्यघटनेच्या कलम १४ची समता आणि जुन्या मध्य प्रांताच्या १८७५च्या कायद्यातले न्याय, समन्याय व सद्विवेकाचे तत्त्व यांवर मुलीच्या बाजूने निकाल लागला. वाचकाचा वर्धा जिल्हाही तेव्हा मध्य प्रांतातच होता.

या निकालाने हिंदू वारसा कायदा गोंडांना लागू झालेला नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

तेव्हा वाचकाला सांगणे इतकेच: तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज देताना बहिणींची नावे घालावीत. आपल्यात मुलीला देत नाहीत, असे कोणी म्हणालेच, तर पुरावा त्यानेच आणायचा आहे. दत्तक पुढच्या आठवड्यात.